ओतायच्या आधी

ओतायच्या आधी कुणी आत जाऊन हाक मारली होती का?

एवढाच माझा प्रश्न होता. बोट क्लबच्या मॅनेजरला विचारला, तर त्याने खिशातून मोबाइल काढला आणि कुणाचा फोन आलेला नसताना कानाला लावला. इंजिनिअर मॅडमना विचारला, तर त्या माझ्या चपलांकडे बघत राहिल्या. पंपावरच्या माणसाला गचांडी धरून विचारला. तो म्हणाला, मला जे सांगितलं ते मी केलं. पण मी काय विचारत होतो, त्याचं उत्तर कुणी दिलं नाही.

म्हणून सगळं सांगतो. दिवा जरा इकडे सरकवा. मध्ये काही विचारू नका, नाहीतर माझं राहून जाईल.

काम साधंच होतं. घमेलंभर माल कालवायचा, धरणाच्या बोगद्यात न्यायचा, दाराजवळच्या भिंतीत जिथे पाणी झिरपतं ते सांधे भरायचे आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं. सुट्टीचा दिवस होता. वर तलावावर गर्दी होती, लाउडस्पीकर लागला होता, पायडलच्या बोटींना रांग होती. मी घमेलं खांद्यावर घेऊन पायथ्याकडे उतरत होतो, आणि वरून कुणाच्या तरी हातातून सुटलेला लाल फुगा भिंतीला घासत घासत जात होता.

आमचं धरण काही फार मोठं नाही. दगडी आहे, जुनं आहे, कधीकाळी कुठल्याशा गिरणीसाठी बांधलेलं. गिरणी गेली, पाणी राहिलं. आता त्यात लोक हौसेने फिरतात. वरून बघाल तर कठड्याला रंगीत दिवे आणि झाडांखाली बाकडी. खालून बघाल तर शेवाळ, दगडांतून उतरलेले चुन्याचे पांढरे ओघळ, आणि पायथ्याला आमची वस्ती.

भिंतीच्या पोटात एक बोगदा आहे, एक माणूस वाकून चालेल एवढा. धरणात मुरलेलं पाणी त्यात उतरतं आणि पन्हाळीतून बाहेर जातं. दादा म्हणायचा, पाणी स्वच्छ आलं तर समजायचं भिंतीला घाम आलाय. गढूळ आलं तर समजायचं ती आतून झिजतेय, मग पळायचं. असं म्हणायचा, पण पळायचा कधीच नाही.

बाबांनी ह्याच भिंतीचे सांधे भरले, त्यांच्यामागून दादाने, दादाच्या मागून मी. शाळा मला झेपली नाही. मास्तरांनी हात टेकले तेव्हा दादाने माझ्या हातात थापी दिली. "अक्षरं सरळ येत नाहीत ना, सांधे तरी सरळ काढ," म्हणाला.

आमची तपासायची रीत अशी होती. दादा बोगद्यात असायचा, मी बाहेरच्या अंगाला दोराच्या पाळण्यात. मी दगडावर हातोडीचा एक ठोका द्यायचा. आतून दादाने दोन ठोके दिले तर जागा पक्की. त्याने हातोडी दगडावरून खर्रर्र घासत नेली, तर पोकळ. मग मी खडूने खूण करायची, आणि ती जागा भरायची. रीत सोपी होती, पण माझं काय व्हायचं, एक ठोका दिला की लगेच दुसरा, तिसरा. हात थांबायचाच नाही. दादा आतून ओरडायचा, "अरे, दार वाजवतोयस का? ठोका दिलास की थांब. दगडाला उत्तर द्यायला वेळ दे."

ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती. गाल टम्म फुगला होता. वहिनी म्हणाली, "अहो, आज राहू द्या." दादा म्हणाला, "दाढ माझी दुखतेय, धरणाची नाही." तोंडात लवंग धरून आत गेला. जाताना मला म्हणाला, वहिनीकडून अजून चार लवंगा आणून ठेव, ही संपत आली.

मी एक ठोका दिला, आतून दोन आले. पुन्हा एक, पुन्हा दोन. मग एका दगडावर मी ठोका दिला आणि आतून हातोडी घासत गेली. गेली ती गेलीच. थांबेना. एवढी लांब पोकळी आम्ही दोघांनी कधी ऐकली नव्हती. मी चक्क थांबलो. आणि भिंतीने मोठी ढेकर दिल्यासारखा आवाज झाला, पाळणा हलला, खाली बोगद्याच्या दारातून चहासारखं पाणी बाहेर आलं.

मॅडम लगेच आल्या. भिंतीला कान लावला, वर गेल्या, खाली आल्या, तेव्हा त्यांच्या तोंडावर रक्त नव्हतं. पोकळी आत्ताच्या आत्ता भरली नाही तर भिंत राहणार नाही आणि वस्तीही राहणार नाही, म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. मला चौघांनी जमिनीवर दाबून धरलं होतं. दाराशी पाणी गुडघाभरच होतं. गुडघाभर पाण्यात माणूस उभा राहू शकतो, हेच मी ओरडत होतो. त्यांनी वरून भोकं पाडली आणि पंप सुरू केला. दिवस मावळेपर्यंत बोगद्यात पातळ सिमेंट ओतत होते.

वस्ती वाचली. आई वाचली, वहिनी वाचली, मी वाचलो. दादा सापडला नाही. मॅनेजर म्हणाला, पाण्याबरोबर वाहून गेला असेल, नदीत शोधा. आम्ही काठाकाठाने शोधलं. मला तर माहीतच होतं तो कुठे आहे.

तळाचा दरवाजा गाळात रुतलेला, त्यामुळे तलावाचं पाणी हळूहळूच उतरतं. थोडं उतरवलं, तेवढ्यात सुट्ट्या आल्या आणि मॅनेजरने वर कुणाकुणाला सांगून ते थांबवलं. बोटी पुन्हा फिरायला लागल्या. बोगद्याचा दाराजवळचा तुकडा तेवढा पाझर बघायला मोकळा ठेवला होता. आमच्या घरापेक्षा थोडा लांब असेल. त्याच्या शेवटी ओतलेल्या सिमेंटची करडी भिंत. तिथले सांधे भरायचं काम मला दिलं. आई म्हणाली, जाऊ नकोस. मी म्हणालो, जाणार. माल भरणं हे नुसतं निमित्त होतं. घमेल्याखाली पिशवीत छिन्नी होती. मी दादाला आणायला चाललो होतो.

पहारेकरी काका बोगद्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते.

"काय रे, सुट्टीच्या दिवशी पण?"

"दगडांना कुठे सुट्टी असते, काका?"

"तोंड अगदी भावासारखं चालतं," ते म्हणाले, आणि खुर्ची बाजूला सरकवली.

आत गेलो. बॅटरीचा दिवा खुंटीला अडकवला. तिथे हवा नेहमीच थंड असते, ओल्या चुन्याचा वास असतो, तो घशाला चिकटतो. घमेलं ठेवलं. करड्या भिंतीपाशी गेलो आणि नुसता हात लावून उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. डोळे कोरडे होते. रडणं सगळं नदीकाठी संपलं होतं.

तेवढ्यात मागे लोखंड वाजलं. दाराचा उजेड गेला. बाहेरून कडी पडली.

मी धावत गेलो. दार ढकललं. हाका मारल्या, मुठी आपटल्या, मग हातोडीने आपटलं. बाहेर लाउडस्पीकरवर गाणं चाललं होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. दाराच्या फटीतून बोटाएवढा उजेड येत होता, त्याला तोंड लावून मी ओरडलो. कुणी आलं नाही. आणि मग मला एकदम कळलं, की दादानेही ह्याच दाराकडे तोंड करून असंच केलं असेल.

मी खाली बसलो. दिव्याचा उजेड पिवळा पडत चालला होता. बाहेरचा आवाज हळूहळू कान सोडून गेला आणि आतले आवाज सुरू झाले. पाण्याचा थेंब. पन्हाळीत बारीक खळखळ. आणि दगडातून खाली उतरणारी बोटींच्या पायडलची धपधप. वर पोरं हसत असणार. पण एवढ्या दगडातून खाली येता येता हसण्याचं रडणं होतं.

वास आला तो तेव्हा. लवंगेचा.

आधी वाटलं माझ्याच खिशातला. त्या दिवशीच्या लवंगा नव्हत्या माझ्याकडे, मी आणायला गेलोच नव्हतो. खिसे रिकामे होते. मी वास घेत घेत पुढे सरकलो. करड्या भिंतीत, जिथे सिमेंट जुन्या दगडाला भिडलं होतं, तिथे करंगळी जाईल एवढी एक फट होती. तिच्यातून हवा येत होती. कोमट हवा. नाकाला लवंग, गालाला ऊब. कुणी तोंडाजवळ तोंड आणावं तशी.

मी हातोडीने एक ठोका दिला.

आतून दोन आले.

"दादा...?"

काही नाही. नुसती ती कोमट हवा, येत होती, थांबत होती, येत होती.

मी पुन्हा एक ठोका दिला. दोन आले. तेच वजन, तोच मधला वेळ. आईचा आवाज जसा अंधारात ओळखू येतो, तशी मला ती हातोडी ओळखू आली.

मग मी काही विचार केला नाही. मी करतच नाही. छिन्नी काढली आणि फटीवर तुटून पडलो. सिमेंटचे कपचे उडत होते, डोळ्यात जात होते. "काढतो तुला... थांब... काढतो..." पलीकडून हातोडी घासल्याचा आवाज आला, खर्रर्र. तोही आतून खरवडतोय, असं वाटलं. मी दुप्पट जोराने घाव घातले. आतला आवाज वाढला. माझ्या डोक्यावर गेला, डावीकडे आला, खाली पायाशी आला, पुन्हा वर. आणि फटीतून दोऱ्यासारखी पाण्याची धार माझ्या मनगटावर पडली. दिव्यापाशी हात नेऊन बघितलं. पाणी चहासारखं होतं.

हात तिथेच थांबला.

तो खरवडत नव्हता. तो काम करत होता. इथे पोकळ आहे. इथेही पोकळ. इथेही.

वर बोटींची धपधप चालू होती. खाली वस्तीत आई भाकरी थापत असेल, वहिनी कपडे वाळत घालत असेल. दोघींच्या आणि त्या पाण्याच्या मध्ये ही भिंत होती, आणि भिंतीत माझी छिन्नी. मला दादा हवा होता. अजूनही हवा आहे, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू. मी आणखी एक घाव घातला असता. हात उचललाही होता. तेव्हा आतून हातोडी एवढ्या हळू घासली गेली, जसं कुणी लहान पोराला झोपेतून उठवताना पाठीवरून हात फिरवतं.

मी छिन्नी खाली टाकली आणि घमेलं ओढलं.

थापीने माल फटीत दाबला. तो आत गेला. आणखी दाबला, तोही गेला. आणि मग थापीच्या टोकाला मला जाणवलं, की पलीकडून कुणीतरी माल घेतंय. हिसकावून नाही. कामात असलेला माणूस मान वर न करता जसा घेतो, तसं. मी देत होतो, ते घेतलं जात होतं. हात बर्फासारखे झाले होते, दात वाजत होते, पण मी देत राहिलो. धार बारीक झाली. मग नुसती ओल राहिली. तेवढी एकच बारीक फट उरली, वास येत होता तेवढी. ती मी भरली नाही. हात धजला नाही.

मी एक ठोका दिला. आतून दोन आले. पक्कं.

आणि त्याच्या पलीकडून आणखी दोन. दादाचे नव्हेत, जड हाताचे. त्याच्याही पलीकडून दोन, म्हाताऱ्या हाताचे. मग त्यापुढे, त्यापुढे, भिंतीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत, एकामागून एक. बाबा सांगायचे, हे धरण बांधताना ह्यात माणसं राहिली, किती ते कुणी मोजलं नाही. मी लहान होतो, मला वाटायचं आम्ही जेवावं म्हणून घाबरवतात. त्या सगळ्यांत एक हातोडी वेगळी होती. अगदी जवळची, दादाच्या बाजूची. दोन ठोके देऊन थांबायची नाही. ठक ठक ठक, नुसती घाई. ओळखीची वाटत होती, पण कुणाची ते काही आठवेना.

दिवा विझला. नंतर मी दाराशी पाठ टेकून बसलो होतो एवढंच आठवतं.

दार उघडलं तेव्हा उजेडाने डोळे मिटले.

"अरे देवा... तू आत होतास?" पहारेकरी काका. "मी चहाला गेलो होतो, आलो तर पोरं इकडे घुसायला बघत होती, म्हणून कडी लावली."

"लावताना आत बघितलंत?"

काका किल्ल्यांचा जुडगा चाळायला लागले.

"हाक मारलीत?"

"चल, वर चल, पाणी पी," ते म्हणाले.

घरी वहिनीने माझे हात गरम पाण्यात धरले. नखांत सिमेंट होतं. मी तिला काही सांगणार नव्हतो. तीच म्हणाली, "आवाज आला?"

मी मान हलवली.

"कसा होता?"

"कामात होता."

ती उठली, फळीवरच्या डब्यातून कागदाची पुडी काढली. त्या दिवशीच्या लवंगा. माझी वाट बघत बांधून ठेवलेल्या. "दाढ दुखत असेल त्यांची," म्हणाली. तिच्या तोंडावर दुसरं काहीही नव्हतं. आई आत कूस बदलून झोपल्याचं सोंग करत होती.

मी मॅडमकडे गेलो. आवाजाचं सांगितलं नाही. गढूळ पाण्याचं सांगितलं. त्या माझ्याबरोबर आत आल्या, हातोडी घेऊन त्यांनी स्वतः जागा वाजवून बघितल्या, मी दाखवली तेवढी प्रत्येक जागा. एका दगडावर ठोका देऊन त्यांनी झटकन माझ्याकडे बघितलं.

"तू ठोकलंस का आत्ता?"

"नाही, मॅडम."

बाहेर आल्यावर मॅनेजरला त्यांनी तोंडच उघडू दिलं नाही. बोटी काठाला बांधून घातल्या, तळाच्या दरवाजाचा गाळ काढायला माणसं लावली. पाणी उतरायला लागलं. पण पाणी पुरतं उतरेपर्यंत भिंत तगायला हवी होती, आणि त्यासाठी बोगद्याचा उरलेला तुकडाही ओतून बंद करायचा होता. मॅडम हे सांगायला आमच्या घरी आल्या, दारातच उभ्या राहिल्या. आईने त्यांना बसा म्हटलं नाही. पण माझ्याकडे बोट करून म्हणाली, "भरा. ह्याच्या भावाला विचारून भरा."

पंप आला. सकाळची वेळ होती. पायथ्याशी सगळे जमले होते, मॅडम, मॅनेजर, काका, तोच पंपावरचा माणूस. तलाव निम्मा उतरला होता आणि वर पहिल्यांदाच शांतता होती.

मी म्हणालो, आधी मी आत जाणार. कुणी अडवलं नाही.

करड्या भिंतीपाशी गेलो. वास होता.

"दादा... ओततायत."

आणि थांबलो. जन्मात पहिल्यांदा आपणहून थांबलो. थेंब पडत होते. कोमट हवा आली, थांबली, आली. मग दोन ठोके. त्यामागे जड हाताचे दोन, म्हाताऱ्या हाताचे दोन, आणि पुढे सगळ्यांचे, दूर दूर जाणारे. मी वहिनीची पुडी सोडली आणि एकेक लवंग त्या फटीत सरकवली. आत पडल्याचा आवाज आला नाही. मग अंगठ्याने माल दाबून फट बुजवली.

निरोपाचा एक ठोका द्यावा म्हणून मी हातोडी उचलली. हातोडी अजून हवेत होती, आणि आतून, माझ्या छातीसमोरून, ठोका आला. मी हात मागे घेतला. पुन्हा आला. ठक ठक ठक. उत्तराची वाट न बघणारी ती घाईची हातोडी. आणि ह्या वेळी मला ती ओळखू आली. मी तिला रोज ऐकत आलो होतो. बाहेरच्या अंगाने, दोराच्या पाळण्यात बसून, माझ्याच हातातली.

पळालो नाही. तळहात दगडावर ठेवला आणि दादा म्हणायचा तसं म्हणालो, "ठोका दिलास की थांब. दगडाला उत्तर द्यायला वेळ दे."

ती थांबली.

मी बाहेर आलो. ऊन पडलं होतं. मॅडम पुढे आल्या. ह्या वेळी त्यांनी विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं.

"हाक मारलीस? आत कुणी नाही ना?"

मी त्यांच्या बुटांकडे बघत राहिलो.

मग पंपावरच्या माणसाच्या हातातून पाइप घेतला. त्याचं तोंड बाजूच्या दगडाकडे वळवलं, पहिला लोट समोरून कुणाच्या अंगावर आदळू नये म्हणून. "हळू सोड," म्हणालो. आणि शेवटपर्यंत पाइप मीच धरला.